खिळ्यावरची बेडी

१

“तू कोण रं मला कायदा शिकवणारा? नववीत शाळा सोडल्याली तू, आन् मला सांगतोस कुणाच्या दप्तराला हात लावायचा?”

बाजीराव हवालदार हे बोलला तेव्हा त्याच्या हातात माझ्या बहिणीचं दप्तर होतं. उलटं. खाली व्हरांड्यात सगळं सांडलेलं. वह्या, कंपास, डबा, आणि पोरी जे घडी करून आत लपवून ठेवतात ते पण. मागे दहावीचा अख्खा वर्ग उभा. दोन-तीन पोरं खिदळली. मी वळून बघितलं तशी गप्प झाली.

अक्षता भिंतीला टेकून उभी होती. ओठ घट्ट मिटलेले, पण मान ताठ.

“नववी सोडली म्हणजे डोळे पण सोडले का?” मी बोललो. “पोरींची दप्तरं तुमी कशी काय तपासता? लेडीज पोलीस कुठाय? आईला निरोप दिला का?”

“आई कुठंय तुझी?”

“तुर्भ्याला. मार्केटमध्ये धान्य निवडायला.”

“मग झालं तर.”

काय झालं तर? आई कामावर म्हणजे पोरगी बेवारस?

मी समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर होतो. दिलीपभाऊची केबल ओढायचं काम करतो मी. गच्चीवरून शाळेचं पूर्ण मैदान दिसतं. मला दिसलं ते असं, की पोरी रांगेत उभ्या आणि एक खाकी माणूस एकेकीचं दप्तर जमिनीवर ओततोय. अक्षतानं दप्तर सोडलं नाही. त्यानं हिसकावलं. मी वायर तिथेच टाकली, जिने उतरलो आणि कंपाउंडवरून उडी मारली. मधलं काही आठवत नाही.

ऑफिसातून हेडसर आले. जयप्रकाश नाडकर्णी. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर ताजं कुंकू.

“प्रितम, तू बाहेर हो. हे शाळेचं अंतर्गत आहे.”

“अंतर्गत आहे तर हवालदार आत काय करतोय सर?”

सरांनी चष्मा पुसला.

बाजीरावनं अक्षताच्या दंडाला धरलं आणि खेळाच्या खोलीकडे नेलं. तिला आत ढकलून कडी लावली.

“शाळा सुटंस्तोवर बेडी न्हाई मिळाली,” तो बोलला, “तर ही माझ्यासंगं ठाण्यात येनार. चोर म्हनून.”

२

तर हरवली होती हवालदाराची बेडी.

हवालदार शाळेत कशाला आला, ते आधी सांगतो. मागे एकदा गेटवर बाहेरच्या बाइकवाल्या पोरांची मारामारी झाली. हेडसर चौकीत गेले, बोलले आम्हाला एक माणूस द्या. आला बाजीराव. पहिले गेटवर बसायचा. मग ऊन लागतं म्हणून व्हरांड्यात. मग ऑफिसबाहेर खुर्ची. मग हळूच वर्गात. केस वाढले, बाजीराव. गृहपाठ नाही, बाजीराव. मास्तरांना पण बरं पडलं. मारायची मेहनत वाचली.

ऑफिसबाहेरच्या भिंतीत त्यानं खिळा ठोकून घेतला. त्याला बेडी टांगायची, सगळ्यांना दिसेल अशी. प्रार्थनेला उशीर झाला की एक कडी पोराच्या मनगटात, दुसरी खिडकीच्या गजात. प्रार्थना संपेपर्यंत उभा राहा. सोसायटीतल्या पोरांना नुसती वॉर्निंग. घणसोली गावात भाड्याच्या खोल्यांमधून येणाऱ्यांना बेडी. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण होतं.

त्या दिवशी सकाळी आठवीतला किसन अडकला होता. बेडी घट्ट लागली, पोराचा पंजा काळानिळा. अक्षता रांग सोडून गेली आणि हवालदाराला सगळ्यांसमोर बोलली, “काका, ही बेडी एक दिवस गायब होणार बघा.”

मोठ्या सुट्टीनंतर खिळा रिकामा.

दुसरा दिवस दसऱ्याचा, म्हणजे शाळेला सुट्टी. बेडी हरवली त्या दिवशी खंडेनवमी. ज्याच्या त्याच्या कामाची हत्यारं मांडून पूजा करायची. शाळेत शिवणाच्या खोलीत पूजा मांडलेली. आणि संध्याकाळी बाजीरावच्या ठाण्यात पण तीच पूजा. बंदुका, काठ्या, बेड्या, ज्याच्या नावावर जे सामान असेल ते त्यानं आणून मांडायचं, आणि मोठे साहेब येऊन एकेक बघणार.

म्हणून तो असा पिसाळला होता. बेडी नाही तर निदान चोर तरी घेऊन जायला पाहिजे. रिकाम्या हातानं गेला की त्याचीच वाट लागणार.

मी गेटसमोर जाऊन बोंब मारली. “माझ्या बहिणीला कोंडून ठेवलीय! बघा बघा, पोरीला कोंडून ठेवलीय!” समोरच्या बाल्कन्यांमध्ये बायका आल्या. हेडसर धावत आले.

“ओरडू नकोस. पूजेला कमिटीचे लोक येणार आहेत.”

“मग सोडा तिला.”

“ते माझ्या हातात नाही.”

“शाळा तुमची, खोली तुमची, कडी तुमची. मग हात कोणाचे?”

बाजीराव मागून आला. माझ्याकडे बघून हसला. “लई डोळं हायेत न्हवं तुला? मग शोध की. शाळा सुटंस्तोवर आनून दे, पोरगी सोडतो. न्हाई मिळाली तर गप घरी जायचं.”

मी हो बोललो. काय शोधायचं, कुठे शोधायचं, डोक्यात काही नव्हतं. फक्त कडी लावलेली खोली होती.

३

खेळाच्या खोलीला मागून जाळीची खिडकी आहे. अक्षता लेझीमच्या ढिगावर बसली होती.

“तू घेतलीस?”

“नाही.”

“नक्की?”

“प्रितम, मी घेतली असती तर खाडीत टाकली असती. मग याला मिळाली असती का?”

“मग कोणी घेतली?”

ती माझ्याकडे बघायची थांबली. एक लेझीम उचलली, परत ठेवली.

“अक्षता, तो तुला ठाण्यात नेणार. उद्या गावात काय बोलतील? उद्या विहारात वंदना तू म्हणणार आहेस. आईनं तुझी पांढरी साडी काल धुऊन ठेवली. आणि तुला ठाण्यातून आणायला जाऊ का मी?”

“जा तू. केबल टाक तुझी.”

“माहितेय ना तुला?”

“जा ना!”

आमच्या घरी भांडण झालं की मी भांडी आपटतो आणि ही गप्प बसते. पण हिची दोन प्रकारची गप्प असते. एक रागाची, तेव्हा ती माझ्याकडे रोखून बघते. दुसरी काही लपवते तेव्हाची. तेव्हा ती हातात मिळेल ती वस्तू उचलते आणि ठेवते.

लेझीम तिनं परत उचलली.

४

शिपाई पंढरी गेटवर स्टुलावर बसला होता. घणसोलीचाच, जुना आगरी माणूस, ‘ड’ला ‘र’ बोलणारा. बाजीराव आला त्या दिवसापासून याची खुर्ची गेली, म्हणून स्टूल. म्हणजे याचा पण राग होताच.

“पंढरीकाका, तुमी घेतली का बेडी?”

“आरं येऱ्या, मी घेतली असती तं त्याच्याच पायान घातली असती.”

“सुट्टीत बाहेर कोण गेलं?”

“कोन बी नाय. गेटला कुलूप. मी हतंच. तुज्यासारका एकांदा उरी मारून आला तं सोर, पन जायाला कोन नाय गेला.”

म्हणजे बेडी आतच होती. पण आत बाजीरावनं काय सोडलं होतं? वर्ग बघितले, बाकं उलटी केली, संडास बघितले, पाण्याच्या टाकीत काठी फिरवली. मास्तरांची कपाटं पण उघडायला लावली.

“पूजेची खोली बघितली का त्यानं?”

पंढरीनं माझ्याकडे असं बघितलं जसं मी देवळात चप्पल घालून गेलोय.

“पूजन काय बगाचा हाय? बूट काडून आला, हात जोरलं, गेला. मांडलेल्या हत्याराला उद्यापरयंत कोन हात लावीत नाय. सकाली मीच मांडलाय सगला. बाजाची पेटी, करवत, घंटेचा टोला, परयोगशालेतल्या नल्या. शिलाईच्या मशिनी लायनीन ठेवल्या. झाकनं काडून कपाटावर रचली, सगली. मशिनीला कुकू लावाचा तं मशिन उगरी नको का?”

“मग पूजा कोणी केली?”

“हेडसर आन् चारुलताबाई. सुट्टीन. मी हतं गेटवर, मना कुटं परसाद बी आला नाय अजून.”

तो प्रसादावर बडबडत राहिला. मी निघालो. पाय एका जागी ठरत नव्हते. वर घड्याळाकडे बघायची भीती वाटत होती.

५

अक्षताचं नाव सांगितलं होतं शौनकनं, हे व्हरांड्यातल्या पोरांकडून कळलं. तिच्याच वर्गातला. सेक्टरमधल्या बँकवाल्यांच्या सोसायटीत राहतो, आणि त्याच्या घरी केबल मीच जोडलीय. जिन्यात गाठला आणि कॉलर पकडली.

“चुगली करतोस?”

“कॉलर सोड. मी खोटं बोललो नाही.”

“काय बघितलंस?”

“सुट्टीत मी जिन्यावर डबा खात होतो. हवालदार ऑफिसात चहा पीत होते. अक्षता खिळ्याजवळून गेली. हातात फुलांची परडी होती. त्यांनी विचारलं, अक्षता तिथून गेली का? मी हो म्हणालो. संपलं.”

“संपलं? ती आत बसलीय आणि तुझं संपलं?”

त्याचा चेहरा पडला. मुलगा वाईट नव्हता. घाबरट होता.

“त्यांनी एवढंच विचारलं रे. सकाळी ती बोलली होती ना, म्हणून तिचंच नाव घेऊन विचारलं. आणखी कोण गेलं, हे कोणी विचारलंच नाही.”

माझी पकड सुटली.

“कोण गेलं आणखी?”

“चारुलताबाई. अक्षताच्या पुढे. त्यांच्या हातात पण परडी होती. वरून फडकं टाकलेलं. दोघी शिवणाच्या खोलीत गेल्या. मग अक्षता पाणी आणायला बाहेर आली, बाई आतच होत्या.”

“थांबल्या होत्या का खिळ्याजवळ?”

“बाई? वाकल्या होत्या. फूल पडलं होतं बहुतेक. मला पाठ दिसली.” तो थांबला. “प्रितम, बाई कशाला घेतील?”

मला पण तेच वाटलं. चारुलताबाई म्हणजे शिवण आणि चित्रकला शिकवणाऱ्या. मी शाळेत होतो तेव्हा वर्गातून हाकलला की यांच्याच खोलीत जाऊन बसायचो. कधी का आलास विचारलं नाही. त्या दिवशी पण, पोरं सांगत होती, पोरींची दप्तरं उघडायला लागले तेव्हा त्या एकट्या पुढे आल्या होत्या. “हवालदार, मुलींच्या दप्तराला तुम्ही हात लावू नका,” बोलल्या. हेडसर त्यांना बोलले, “बाई, तुम्ही तात्पुरत्या आहात, वर्गात जा.” आणि त्या गेल्या.

शौनक परत बोलला, “एक सांगू? ते दप्तरं तपासत होते ना, तेव्हा बाई हवालदारांना हळूच म्हणाल्या, ‘एवढं कशाला, उद्या सापडेल ती.’”

“उद्या?”

“हो. उद्या तर सुट्टी आहे ना?”

६

शिवणाच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग. आत पोरं रांगेनं येत होती, वाकत होती, डोळे मिटत होती, जात होती. उदबत्तीचा धूर. चारुलताबाई एका बाजूला उभ्या राहून खडीसाखर देत होत्या.

आमच्या घरी हे नसतं. दसऱ्याला आमच्याकडे पांढरे कपडे आणि विहार. म्हणून मी काही वाकलो नाही, डोळे मिटले नाहीत. उभा राहून बघत बसलो. त्या खोलीत सुट्टीपासून किती पोरं येऊन गेली असतील. सगळ्यांनी नमस्कार केला. नीट बघितलं कोणी नसेल.

पांढऱ्या चादरीवर सगळं मांडलेलं. पेटी, तिच्यावर झेंडू. करवत, तिच्या पात्यावर कुंकू. टोला, नळ्या, पट्ट्या. मागे शिलाई मशिनी लायनीत. काळ्या, चकचकीत, प्रत्येकीच्या चाकावर कुंकवाचं बोट आणि सुईजवळ फूल.

शेवटची मशीन वेगळी होती.

तिच्यावर लाकडी झाकण होतं. तो घुमटासारखा लाकडी डबा असतो ना, तो. कुंकू झाकणावर. फूल झाकणावर.

पंढरी बोलला होता, सगळी झाकणं काढली. मग हे परत कोणी लावलं? आणि लावलं तर का? डब्याची पूजा कोण करतं?

रांग संपली. खोलीत मी आणि बाई उरलो.

“प्रितम, साखर घे.”

“बाई, त्या मशिनीला थंडी वाजते का?”

त्यांनी खडीसाखरेची वाटी खाली ठेवली. आवाज झाला.

मी जवळ गेलो. झाकणाला बाजूला कुलपाचं भोक असतं. झाकण हलवून बघायला हात पुढे केला, पण लावला नाही.

“झाकण पंढरीकाकांनी काढलं होतं. नंतर कोणीतरी लावून कुलूप केलं असणार. सुया चोरीला जातात म्हणून चावी तुमच्याकडेच असते. मी असताना पण तुमच्याकडेच असायची. परडी तुमची होती, वर फडकं होतं. खिळ्याजवळ वाकलात. अक्षताला पाणी आणायला पाठवलंत. आणि हवालदाराला बोललात, उद्या सापडेल. उद्या, कारण उद्या पूजा उचलणार. त्याच्या आधी कोणी हात लावणार नाही हे तुमाला माहीत होतं.”

बाईंचा हात कमरेला खोचलेल्या चावीवर गेला. त्यांना कळलंच नसेल.

“त्या पोराचा हात बघितलास तू?” त्या हळू बोलल्या. “किसनचा? मी सरांना तीनदा सांगितलं. सर म्हणाले शिस्त लागते. मला वाटलं, इथे मांडली तर निदान आज कोणाच्या हातात पडणार नाही. त्याच्या साहेबांनी त्याला झापलं असतं, त्याची इथली ड्युटी गेली असती. उद्या सकाळी मी खिळ्याला परत लावणार होते. मुलीला पकडतील असं माझ्या मनातही आलं नाही.”

“आणि पकडलं तेव्हा?”

त्या साखरेच्या वाटीकडे बघायला लागल्या.

“बाई, पकडलं तेव्हा काय केलंत तुमी? साखर वाटत होतात!”

माझा आवाज वाढला होता. माझं काय ते मला माहितेय, आवाज वाढला की खाली येत नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचा पण राग आला मला.

“माझी नोकरी दर वर्षी नवी होते प्रितम. या वर्षी तर सर—”

घंटा झाली. शाळा सुटली.

७

मैदानातून बाजीराव येत होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात अक्षताचं मनगट. घरी निघालेली पोरं गेटजवळ थांबून बघत होती. मागे हेडसर आणि पंढरी.

“आता तुमी बोलता,” मी बाईंना बोललो, “का मी बोलू?”

बाई जागच्या हलल्या नाहीत. मी दारात आलो.

“हवालदार! सापडली.”

तो थांबला. अक्षतानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या मागे बघितलं, बाईंकडे. आणि दिवसभर जी तोंड उघडत नव्हती ती ओरडली.

“प्रितम, गप्प बस! एक शब्द बोललास तर बघ!”

तेव्हा मला कळलं. ती मागे होती परडी घेऊन. तिनं बघितलं होतं. बाई वाकल्या ते, फडक्याखाली गेलं ते, सगळं. दप्तर जमिनीवर ओतलं गेलं, पोरं हसली, कडी लागली, आणि आता ठाण्यात चालली होती, तरी हिनं नाव घेतलं नव्हतं.

“तुला माहीत होतं?” मी बोललो.

“तुला कोणी सांगितलं होतं शोधायला? मोठा आला!” ती रडत होती आता, रागानं. “बाईंची नोकरी जाईल. माझं काय जाणार होतं? दोन तास ठाण्यात बसले असते.”

“दोन तास? तुला काय माहितेय ठाणं काय असतं!”

“आणि तुला माहितेय?”

आम्ही दोघं सगळ्या शाळेसमोर भांडत होतो. बाजीराव एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मग मागून आवाज आला.

“तिचा हात सोडा हवालदार.”

चारुलताबाई माझ्या बाजूनं पुढे आल्या. चेहरा चुन्यासारखा झाला होता. पण आवाज वर्गात असतो तसा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

“बेडी मी घेतली. हिनं मला घेताना बघितलं आणि ही सुट्टीपासून माझ्यासाठी गप्प बसली. हे मला आत्ता कळलं. आधी कळलं असतं तर आधी बोलले असते की नाही, मला माहीत नाही. पण आता बोलते.”

हेडसर बोलले, “बाई, आत चला. आपण आत बोलू.”

“आत नको सर. मुलीला बाहेर चोर म्हटलंय.”

त्या वळल्या, कमरेची चावी काढली, झाकण उघडलं. मशिनीच्या मानेखाली बेडी होती. तिला पण कुंकू लावलं होतं बाईंनी. एक फूल पण.

बाजीराव धावला, बूट काढायला पण विसरला. बेडीवर हात टाकणार तेवढ्यात पंढरी बोलला, “हवालदार, मांडलेली हाय ती. उद्यापरयंत हात नाय लावाचा.”

आणि खरंच सांगतो, त्याचा हात हवेत थांबला. एवढा मोठा माणूस. ठाण्यात साहेब वाट बघतायत, नोकरीवर बेतलंय, तरी हात पुढे जाईना. घाम फुटला त्याला. हेडसर पण बघत राहिले. कोणीच हात लावेना.

मग मी उचलली. मला चालतं.

थंडगार होती. मला वाटलं होतं हलकी असेल.

“आधी अक्षताला सॉरी बोला,” मी बोललो. “मग देतो.”

“लई माजलास. तुला आत टाकीन.”

“टाका. पण मी काय चोरलं ते साहेबांना सांगा. ही कुठे सापडली ते पण सांगा. आणि सकाळी कोणाच्या हातात होती ते मी सांगतो.”

बाजीराव हेडसरांकडे बघायला लागला. हेडसर चपलांकडे. बाहेर गेटजवळची पोरं आता व्हरांड्यात आली होती. किसन होता त्यांच्यात. पंजा अजून सुजलेला. त्यानं तो लपवला नव्हता, असाच पुढे धरला होता.

अक्षता माझ्याजवळ आली. माझ्या हातातून बेडी घेतली आणि बाजीरावच्या हातात ठेवली.

“तुमची पूजा आहे ना काका. जा. मला घाईतला सॉरी नको.” मग ती हेडसरांकडे वळली. “सर, मला सगळ्यांसमोर चोर म्हटलंय. सगळ्यांसमोर परत घ्यायचं. प्रार्थनेला. आणि ही बेडी शाळेत परत आणायची नाही.”

“दसऱ्यानंतर बघू,” हेडसर बोलले.

“बघू नाही सर. मी आईला घेऊन येते. बाकीच्यांच्या आया पण.”

बाजीराव गेला. कुंकू पुसत पुसत, रुमालानं. हेडसर बाईंना बोलले, “तुम्ही मात्र उद्याच्या सुट्टीनंतर येऊ नका.” हे ते मोठ्यानं बोलले. यासाठी त्यांना कमिटी लागली नाही, अर्ज लागला नाही, काही लागलं नाही.

बाई पूजेतलं सगळं तसंच ठेवून निघाल्या. गेटपर्यंत अक्षता त्यांच्या बरोबर गेली. काय बोलल्या दोघी, मला कळलं नाही. मला बोलावलं नव्हतं.

८

काल विहारात अक्षतानं वंदना म्हटली. पहिल्या ओळीला आवाज फाटला, मग लागला. मागे बायका कुजबुजत होत्या. आईनं मागे वळून एकेकीकडे बघितलं. आईला मी सगळं सांगितलंय. दप्तरातून काय पडलं ते पण. आज मार्केटला खाडा केलाय तिनं. खाडा म्हणजे आजची मजुरी गेली. आई आजारी असली तरी खाडा करत नाही.

गावातल्या चार खोल्यांमधून चौघी येतायत. किसनची आजी यशोदाबाई येतेय, तिला नीट चालता येत नाही, तरी. शौनक रात्री येऊन सांगून गेला की त्याचे पप्पा पण येतील, नक्की नाही, पण येतील. आणि चारुलताबाई येणार आहेत. त्यांना येऊ नका सांगितलंय म्हणूनच येणार आहेत.

हेडसर काय बोलतील मला माहीत नाही. बोलतील की नाही ते पण नाही. बाजीरावला परत पाठवलाय की काढलाय, कोणी सांगत नाही. मी पहाटेच गच्चीवर चढून बघितलं, पण त्या वेळी शाळेत कोण असणार?

आई बोलली, तू तिथे तोंड उघडायचं नाही, अक्षता बोलेल. मी हो बोललोय. बघू.

हे लिहितोय तर खाली चपलांचा आवाज येतोय. अक्षता पुढे गेली पण. ती कोणासाठी थांबत नाही. आई दोनदा हाक मारून झाली. प्रार्थनेची वेळ होतेय, मला निघायला पाहिजे.